सदर घोडीच्या नावात बदल होणार नाही

बाई,

तुमच्या कबरीवर तीन मुठी माती टाकून आलो, त्याला आज अकरा दिवस झाले. परवा सकाळी तुमचा भाचा, तुम्हाला फुप्पी म्हणणारा इरफान, माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे एक संमतीपत्र लिहून मागितले. शहरातल्या एका प्रकाशन संस्थेला तुमची पुस्तके हवी आहेत. झेरॉक्स काढून दोऱ्याने शिवलेली पाच, आणि वहीतले सहावे, ज्याची गोष्ट इरफानने त्यांना तोंडी सांगितली आहे. नूरी आणि मंगल या दोन पोरी आणि दोघींत मिळून एक लंगडी घोडी, ही तुमची गोष्ट त्यांच्या मनात भरली आहे. फक्त घोडीचे नाव त्यांना बदलायचे आहे, मंगलला ऊसतोडीला पाठवायचे नाही, आणि सहाव्या पुस्तकात घोडी मरू द्यायची नाही. या तीन बदलांना वारसाची संमती आहे, एवढे लिहून द्यायचे होते.

पाथर्डीच्या तहसील कचेरीसमोर मी सत्तावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत या तालुक्याचे सर्व काही माझ्या हातून गेलेले आहे. भावाविरुद्ध भावाचा अर्ज सकाळी आणि त्याला दुसऱ्या भावाचे उत्तर दुपारी, असेही मी एकाच खुर्चीत बसून लिहिले आहे. 'लिहून देत नाही' हे शब्द मी आजवर कोणालाही ऐकवले नव्हते. इरफानला ऐकवले. का ऐकवले, ते तुमच्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते. कारण या प्रकरणात माझे हात पूर्ण स्वच्छ नाहीत, आणि ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळावे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्याकडे मराठी टाइपरायटर होता, आणि तो चालवणारा माझ्याइतका वेगवान माणूस कचेरीच्या आवारात दुसरा नव्हता. रांग मोडून तुम्ही पुढे आलात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई म्हणून लोकांनीही वाट दिली.

"अर्ज कशाबाबत?" मी रिवाजाप्रमाणे विचारले.

"अर्ज नाही. गोष्ट आहे. टाईप करून द्या."

"अर्जदार कोण?"

"चौथीच्या पोरी," तुम्ही म्हणालात आणि वही पुढे सरकवलीत.

आठवीत माझी शाळा सुटली. गोष्टीच्या पुस्तकांशी माझा संबंध त्याआधीच सुटला होता. तरीही समोर आलेला मजकूर समजून घेतल्याशिवाय मी कळीवर बोट ठेवत नाही. मेंढपाळांचा तळ उठून पुढे गेला आहे, बांधावर एक ठेंगणी घोडी मागे राहिली आहे, पुढच्या पायाने लंगडते म्हणून तिला सोडून दिलेली. आणि नूरी व मंगल तिला घमेल्यातून पाणी पाजत आहेत, असा तो मजकूर होता. घोडीचे नाव तुमचे ठरत नव्हते. म्हणून जिथे नाव यायचे तिथे तुम्ही टिंबे देऊन जागा सोडली होती.

आमच्या व्यवसायात कागदावर मोकळी जागा सोडणे हा गुन्हा समजला जातो. आज सोडलेल्या जागेत उद्या कोणीही काहीही भरील. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी, दस्तात लिहितात त्याप्रमाणे, 'सदर घोडी' असे भरले. सदर घोडी पाणी प्यायली. सदर घोडीने कान टवकारले. सदर घोडी मंगलच्या ओढणीला हुंगू लागली. माझ्या मते काम चोख झाले होते. तुम्हीही घाईत होतात; न वाचताच झेरॉक्स काढल्यात, वर्गापुरत्या प्रती शिवल्यात आणि वाटून मोकळ्या झालात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर हात आपटलात, तेव्हा समोर बसलेला पक्षकार उठून उभा राहिला होता.

"भाऊसाहेब, ही सदर कोण?"

"कोण म्हणजे? घोडी."

"मी जागा सोडली होती. तिथं नाव यायचं होतं."

"जागा सोडत नसतात बाई. उद्या कोणी त्यात काही घुसडलं, तर जबाबदार कोण?"

"अहो, गोष्ट आहे ती! खरेदीखत आहे का?"

मग तुम्हालाच हसू आवरेना. पदर तोंडाला लावून तुम्ही वर्गातली हकीकत सांगितलीत. एका पोरीने उभे राहून विचारले होते, "बाई, सदर लंगडी हाय म्हून तिला सोडून गेले का?" दुसरी म्हणाली, "सदर म्हंजी काय वो?" आणि तुम्ही तोंड उघडण्याआधी तिसरीने तिला उत्तर दिले, "येडी का तू? नाव हाय तिचं. माह्या चुलतीचं न्हाई का सदाबाई, तसंच!"

घोडीचे नाव त्या दिवसापासून सदर. दुसऱ्या पुस्तकात तुम्ही 'घोडी' हा शब्द काढलात आणि नुसते 'सदर' ठेवलेत. तेव्हापासून आपला वाद सुरू झाला. माझे म्हणणे, नाव मी दिले. तुमचे म्हणणे, "तुम्ही चूक केलीत. नाव पोरींनी दिलं." पुस्तकावर माझे नाव घालावे, अशी मागणी मी तोंडी तीनदा आणि लेखी एकदा केली होती. "पुढच्या पुस्तकावर घालू," हे तुमचे ठरलेले उत्तर. पाच पुस्तके झाली. हा वाद मी मागे घेतलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून तो निकाली निघाला असेही मी मानत नाही.

दुसऱ्या पुस्तकात मंगलचे आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला निघतात आणि मंगल त्यांच्याबरोबर जाते. मग घोडी कोणाची, यावरून दोघी पोरी भांडतात. तो भाग टाईप करताना मी तुम्हाला म्हणालो होतो, अशा वेळी करार करून ठेवलेला बरा. तुम्ही म्हणालात, "लिहा." मी दोन पाने लिहिली. लिहून देणार नूरी, लिहून घेणार मंगल, मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा. घोडीला चतुःसीमा नसते हे तुम्ही निदर्शनास आणलेत. लाल पेनाने तुम्ही सगळे खोडलेत आणि एकच वाक्य ठेवलेत: 'मंगल येईपर्यंत सदर नूरीकडे राहील, पण नूरीची होणार नाही.' ते वाक्य माझे आहे. तुमच्या सर्व पुस्तकांतले ते सर्वात चांगले वाक्य आहे, असे माझे आजही स्पष्ट मत आहे.

त्या लाल पेनाचा मला फार राग यायचा. अधिकाऱ्यांपुढे जाणाऱ्या माझ्या कागदांत आजवर कोणी ऱ्हस्व-दीर्घ काढले नव्हते. तुम्ही माझ्या टेबलावर, माझ्या पक्षकारांसमोर काढलेत. 'विनंति' नव्हे 'विनंती', हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. आता कोणी म्हणते की तुमचा अर्ज वाचायला बरा वाटतो. मी मान हलवतो. तुमचे नाव घेत नाही. घ्यायला हवे होते.

आणि घोड्यांचे ज्ञान? ते तुम्ही कुठून आणलेत, हे मी एकदाच विचारले. नगरात तुमच्या अब्बांचा टांगा होता. खरारा कसा करायचा, चंदीत हरभरा किती मिसळायचा, नाल मारताना घोडीच्या कानाशी काय बोलत राहायचे, हे सगळे तुम्ही पायरीवर बसून पाहिलेत. लगाम मात्र भावांच्या हाती जायचा. एकदाच, माळीवाड्यापासून स्टँडपर्यंत, अब्बांनी तो तुमच्या हाती दिला. "तेवढंच अंतर," तुम्ही म्हणालात, "म्हणून नूरीला मी जास्त दिलं." नूरी पाचही पुस्तकांत घोडीवर बसून माळरानभर फिरते आणि तिला कोणी उतर म्हणत नाही.

प्रकाशनवाल्यांचे दुसरे म्हणणे मंगलविषयी आहे. मुख्य दोन पोरींतली एक अर्ध्या पुस्तकात दिसतच नाही, हे वाचकाला खटकते म्हणे. त्यांनी तुमचा वर्ग पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. दिवाळीची सुटी संपल्यावर एका कामासाठी शाळेत आलो होतो. फळ्यावर पट पंचेचाळीस आणि समोर बसलेल्या पोरी एकोणीस. बाकीच्या ट्रॅक्टरमधून, ट्रकमधून कारखान्यांवर गेलेल्या. तुम्ही हजेरी घेताना गेलेल्यांचीही नावे पुकारत होतात, आणि बसलेल्या पोरी एका सुरात सांगत होत्या, "येनार हाय, बाई!"

त्या गेलेल्यांतली एक मागच्या वर्षी माझ्या टेबलापाशी आली. सविता तिचे नाव. स्वतःच्या मुलीच्या दाखल्यासाठी अर्ज हवा होता. अर्ज लिहिता लिहिता माझ्या कागदांखालचे पहिले पुस्तक तिला दिसले.

"भाऊ, ह्ये सदरचं पुस्तक तुमच्याकडं कसं?"

"मीच टाईप केले आहे ते."

"या बया! तुमी व्हय? मपल्या पेटीत हुतं ना ह्ये. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत समद्या पोरी जमायच्या आन् मला म्हनायच्या, वाच. पानं सुटी झाली पर टाकलं न्हाई मी." सही करता करता ती थांबली. "भाऊ, सदर जिती हाय ना अजून?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग बरं."

हे मी तुम्हाला मुद्दाम येऊन सांगितले होते. तुम्ही ऐकलेत, खिडकीबाहेर पाहिलेत, आणि दोन महिन्यांनी सहाव्या पुस्तकाची वही माझ्या हाती दिलीत. तेव्हा तुम्ही खाटेवर होतात. चार वाक्ये बोललात की धाप लागत होती. मी तिथेच बसून शेवट वाचला आणि वही मिटली.

"बाई, हे चालणार नाही."

"काय चालणार नाही?"

"सदर मरते. पोरगी सहा महिने राबून घरी येते आणि तिची घोडी मेलेली. लोक काय वाचतील?"

"लोक नाही. पोरी वाचतील."

"त्यांनी तर मुळीच वाचू नये! सविता विचारून गेली, मी तिला शब्द दिलाय."

"तुम्ही दिलात, मी नाही." तुम्ही दम घेतलात. "भाऊसाहेब, दर गुढीपाडव्याला माझ्या पोरी परत यायच्या. कोणाचं कुत्रं नसायचं, कोणाची आजी नसायची. घरचे काय सांगायचे, माहीत आहे? 'गेली.' कुठं गेली? 'गावाला गेली.' ती पोर महिनाभर एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायची. मी हाताला धरून आणलंय तिला. नूरी मंगलला तसं फसवणार नाही. नूरी खरं सांगेल. हे लिहिता यावं म्हणून तर पाच पुस्तकं लिहिली."

यावर मी काय बोललो ते आठवते आहे. "कागद तुमचा, पण मशीन माझं," असे मी बोललो. आजारी माणसासमोर हे बोलणे शोभले नाही. वही घेऊन आलो आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. टाईप केली नाही. मी काम अडवले की तुम्ही शेवट बदलाल, असा माझा हिशेब होता. तुमचा निरोप आला, "झालं का?" मी कळवले, काम फार आहे. काम नव्हते. पुन्हा निरोप आला. मी जामखेडला एका लग्नाला निघून गेलो. परत आलो तो थेट तुमच्या दारातल्या गर्दीत.

हे मी कोणाला सांगितलेले नाही. तुम्ही एक कागद माझ्याकडे दिलात आणि मी तो तुमच्या हयातीत पुरा केला नाही. सत्तावीस वर्षांत एवढी एकच दिरंगाई, आणि ती जाणूनबुजून.

आता परवाचे ऐका. इरफानने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून प्रकाशन संस्थेच्या मॅडम बोलत होत्या. बोलणे गोड होते, दोष देण्यासारखे काही नव्हते.

"सर, 'सदर' म्हणजे काय, ते मुलांना कळतच नाही. आपण 'बिजली' करू या का?"

"मॅडम, घोडी लंगडी आहे," मी म्हणालो.

मग म्हणाल्या, "शेवटही फार जड होतो हो. घोडी मरण्याऐवजी तिला एका रायडिंग स्कूलमध्ये चांगलं घर मिळतं, असं करता येईल. मुलांना आशा मिळते."

फोन बंद झाल्यावर इरफान खुर्ची ओढून बसला. "काका, खरं सांगू? तुम्हालाच नको होतं ना घोडीनं मरायला? मग आता तर तुमच्या मनासारखं होतंय. लिहा ना."

"तुला कोणी सांगितलं मला काय हवं होतं ते?"

"फुप्पीनं. हसायची खाटेवर पडल्या पडल्या. म्हणायची, भाऊसाहेब रुसून बसलेत, टाईप करीनात. मी म्हटलं, दुसऱ्याकडं देऊ का? तर म्हणाली, राहू दे, करतील ते. त्यांच्याशिवाय कोणी करायचं नाही."

बाई, म्हणजे तुम्हाला ठाऊक होते. मी जामखेडला लपलो होतो तेही ठाऊक होते. आणि तरीही वही परत मागवली नाहीत.

इरफानला मी समोर बसवून सांगितले ते असे. माझे या शेवटाशी भांडण आहे, ते माझे आणि बाईंचे आहे. त्या असताना मी त्यांच्यापुढे भांडलो. त्या गेल्यावर त्यांच्या पाठीमागे भांडण जिंकणे याला माझ्या व्यवसायात बनावट दस्त म्हणतात. सदरचे नाव सदरच राहील. मंगल ऊसतोडीला जाईल, कारण जिला हे पुस्तक वाचायचे आहे ती जाते. आणि नूरीला जे सांगायचे आहे ते ती सांगेल. एक अक्षर न बदलता छापणार असतील तर संमतीपत्र मी या क्षणी लिहितो, आणि ते माझ्या आयुष्यातले सर्वात सुबक संमतीपत्र असेल.

त्याने पुन्हा फोन केला. तसे जमणार नाही, असे उत्तर आले.

"चांगल्या कागदावर, चित्रांसकट आली असती पुस्तकं," इरफान उठताना म्हणाला. "किती लोकांपर्यंत पोचली असती, काका."

त्याचे म्हणणे खोटे नाही. एक मोठे दार मी माझ्या हाताने लावले, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण त्या दारातून जी आत गेली असती ती बिजली नावाची धडधाकट घोडी असती, आणि तिची मालकीण वर्षभर घरी राहणारी कोणीतरी मुलगी. तिला माझा विरोध नाही. तिने सुखाने राहावे. ती सदर नव्हे. सहावे पुस्तकही आपल्या पद्धतीनेच निघेल. झेरॉक्स मी काढीन, शिवून इरफान देईल. तेवढे त्याने कबूल केले आहे, आणि संमतीपत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचे नाही हेही. ट्रक आणि ट्रॅक्टर निघण्याआधी पोरींच्या पेट्यांत ते पडले पाहिजे. सविताकडे मी स्वतः जाणार आहे. मी तिला सांगितले ते खोटे ठरले, हेही मीच सांगणार आहे.

काल दुपारी खण उघडला आणि वही बाहेर काढली. आता टाइपरायटर नाही, संगणक आहे. तरी तुमचे अक्षर तेच आहे, शेवटच्या पानांवर थोडे हललेले. मंगल ट्रॅक्टरमधून उतरते. नूरी रस्त्यावर येऊन उभी आहे, रिकाम्या हाताने. मंगल विचारते, सदर कुठे आहे? आणि पुढच्या ओळीत तुम्ही लिहिले आहे, 'नूरी म्हणाली, सदर मेली.'

बाई, एका अक्षराने जमीन इकडची तिकडे जाते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? 'मे' च्या जागी 'गे' केले की काम होत होते. सदर गेली. कोणी म्हणाले असते मेंढपाळांमागे गेली, कोणी म्हणाले असते माळावर गेली. सविताला दिलेला शब्दही राहिला असता. कोणाला कळले नसते. इरफानला नाही, शाळेला नाही. बोट कळीवर ठेवून मी बराच वेळ बसलो. समोरचा माणूस म्हणाला, "भाऊसाहेब, लाईट गेली का?" मी म्हणालो, नाही.

'मेली' असेच टाईप केले आहे. दोनदा वाचून पाहिले, ऱ्हस्व-दीर्घ तपासले. तुमचा एकही शब्द हललेला नाही, आणि मी जिवंत आहे तोवर कोणी तो हलवणार नाही.

काम पूर्ण झाले. आता माझे एवढेच म्हणणे आहे, आणि ते मी कोणाच्याही समोर उभा राहून मांडीन. मला हे मान्य नाही. तेव्हा नव्हते, आजही नाही. सदरचे मरणे नाही, आणि तुमचेही नाही.